वॉटरबरींच्या पायऱ्या

आमच्या घराला पाच पायऱ्या आहेत. घर माझं, कर मी भरतो, गळणारं छप्पर मी दुरुस्त करवतो, अंगणातलं गवत मी कापतो. पण पायऱ्या वॉटरबरींच्या आहेत, हे मला गेल्या एप्रिलपर्यंत नीटसं कळलेलं नव्हतं. त्यातून गंमत अशी, की वॉटरबरी नावाचं हे कुटुंब या भूतलावर कधी जन्मालाच आलेलं नाही.

ते टीव्हीवर होतं. सलग सात वर्षं, दर गुरुवारी संध्याकाळी, काळ्यापांढऱ्या रंगात. मिस्टर वॉटरबरी हॅट घालून कचेरीतून येत, चौथ्या पायरीला ठेचकाळत, हातातले कागद उडत, दार उघडून मोत्यांचा सर घातलेली मिसेस वॉटरबरी म्हणे, "आज लवकर आलास, हेन्री," आणि न दिसणारी दोनशे माणसं पोट धरून हसत. त्या घराची बाहेरची बाजू म्हणजे माझं घर. आतली बाजू म्हणजे आठ मैलांवरच्या स्टुडिओतल्या तीन भिंती. त्या तीन भिंतींत न्हाणीघर बसवायला कुणाला सुचलं नाही, म्हणून वॉटरबरी कुटुंबातलं कुणी सात वर्षांत एकदाही संडासला गेलेलं नाही. अजूनही दर आठवड्याला एखादा भाविक माझं दार वाजवतो, आत डोकावतो आणि हिरमुसतो, कारण त्याच्या आठवणीतला वळणाचा जिना माझ्या घरात नाही. "जिना काढून टाकलात?" हे काही जण इतक्या दुखावल्या आवाजात विचारतात, की मीच त्यांची माफी मागतो.

पायऱ्यांचंही तसंच. मूळच्या तीन होत्या, उंच आणि दणकट. तीन पायऱ्यांवरून माणूस पडला तर त्याला लागतं, पाचांवरून पडला तर लोकांना हसू येतं, असं काहीतरी त्या धंद्यातलं शास्त्र असावं. टीव्हीवाल्यांनी तीन पाडून पाच बुटक्या बांधल्या, दोन्ही अंगांना कुंड्या ठेवायला विटांचे जाडजूड कठडे घातले आणि पुढे प्लायवुडचं पांढरं कुंपण ठोकलं. प्लायवुड कुजल्यावर आमच्या आधीच्या मालकाने त्याच मापाचं देवदाराचं कुंपण करून घेतलं. म्हणजे खोट्याची खरी नक्कल. कागदोपत्री तिला आता 'मूळ कुंपण' म्हणतात.

असं म्हणणारी ग्लेनमेरी नगरपालिकेची वारसा समिती. आणि या समितीच्या तावडीत आम्हाला कुणी ढकललं म्हणाल, तर मीच. बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या जागेवर तीनमजली इमारत उभी राहणार, अशी आवई उठली. तेव्हा गल्लीने ठरवलं, की माझं घर वारसा म्हणून जाहीर करून घ्यायचं, म्हणजे आपोआप सगळी गल्ली वाचेल. अर्जावर सही माझी. 'दर्शनी भागातला एक खिळाही कधी बदलला जाणार नाही' हे वाक्यही माझंच. समितीचा मसुदा त्या मानाने मवाळ होता. पितळी पाटी बसली त्या दिवशी अर्डिसने सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि मी भाषण केलं. भाषण लांबलं असं अर्डिसचं मत पडलं. इमारत शेवटी झालीच नाही, कारण ती कुणी बांधणारच नव्हतं.

अर्डिस म्हणजे माझी बायको. चव्वेचाळीस वर्षांची. म्हणजे संसार चव्वेचाळीस वर्षांचा. वय सांगितलेलं तिला खपत नसे. मार्चमध्ये तिच्या कमरेत कळ आली. आम्ही गादीला दोष दिला, नवी गादी आणली, आणि एप्रिलमध्ये कळलं, की जुनी गादी निर्दोष होती. कर्करोग मणक्यांत उतरला होता. दहा दिवसांत पाय गेले. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. बरं करण्याचे उपाय आता संपले, यापुढे फक्त दुखणं कमी करायचे उपाय, असं तो स्वत:च्या बुटांकडे बघत म्हणाला. मीही त्याच्या बुटांकडे बघत होतो. अर्डिस एकटी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मला घरी ने, नॉर्बर्ट. हे छत फार पांढरं आहे. आपल्या छताला निदान डाग आहेत, बघत पडता येतं."

चव्वेचाळीस वर्षांत तिने माझ्याकडे जे जे मागितलं, त्यात हे सगळ्यांत सोपं, असं मला त्या क्षणी वाटलं.

घरी सोडण्याचे कागद कॉन्सुएलो नावाच्या नर्सकडे होते. बाई कामाला चोख. पेशंटला उचलून न्यायचं नाही, मणका तेवढंही सोसणार नाही, असं तिने बजावलं. चाकाची खुर्ची रस्त्यापासून पलंगापर्यंत सरळ गेली पाहिजे आणि इंजेक्शनांसाठी आठवड्यातून एकदा तशीच परत आली पाहिजे. त्यासाठी दाराशी उतार हवा. एक इंच चढायला एक फूट लांबी. मी घरी येऊन मापं घेतली. जोतं तीस इंच, म्हणजे उतार तीस फूट. अंगण वीस फूट. म्हणजे उताराला मध्येच एक वळण द्यावं लागणार, आणि वळण येतं नेमकं त्या कुंड्यांच्या कठड्यावर. मागच्या दाराचा विचार केला. आमचं घर टेकडीच्या उतारावर असल्याने मागच्या दाराला बावीस पायऱ्या आहेत. त्यांना मात्र वारशाचं कसलंही संरक्षण नाही.

शेजारीपाजारी धावून आले. गल्लीतून दोन दिवसांत चीज घालून भाजलेल्या शेवयांच्या अकरा पराती आल्या. दु:खाच्या प्रसंगी आमच्याकडे तोंडाने फारसं बोलत नाहीत, परात ठेवून जातात. प्रत्येक परातीबरोबर एक सल्ला आला. कुणी म्हणालं क्रेन आणा आणि खिडकीतून घ्या. कुणी म्हणालं घर विका. एकाच्या मेहुण्याने अशाच प्रसंगी दार बंद करून गॅरेजमध्ये संसार हलवला होता आणि तो तिथे इतका रमला, की पुढे घरात राहायला गेलाच नाही. समोरच्या वकिलाने तर तासभर बसून धीर दिला. अपंगांच्या बाजूने केंद्राचा कायदा आहे, खटला आपण हमखास जिंकणार, असं तो म्हणाला. कधी, असं विचारल्यावर त्याने बोटं मोजली आणि पुढच्या वर्षीचा नाताळ सांगितला.

कामाचा माणूस निघाला तो डेलबर्ट. डावीकडच्या घरातला. चाळीस वर्षं स्टुडिओत सुतार होता. मागची बाजू नसलेली शेकडो घरं त्याने उभी केली आहेत. अंगणात उभं राहून त्याने एक डोळा मिटला, अंगठा धरून काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "संध्याकाळपर्यंत उभा करतो. पाडायचा कधी?"

पाडायचा नाही, वापरायचा आहे, असं मी सांगितलं. तो गंभीर झाला. मग दोन दिवस लागतील म्हणाला.

त्याच सुमारास नगरपालिकेतल्या बांधकाम परवान्याच्या खिडकीवरच्या गृहस्थाने माझा पत्ता यंत्रात घातला, चष्मा काढला आणि, "अरे वा, वॉटरबरींचं घर," असं म्हणून मला वारसा समितीकडे पाठवलं. समिती महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी बसते. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण ज्याने रचली तो माणूस जरा घाईतला असावा.

समितीच्या अध्यक्षा मिस विनिफ्रेड ओस्ट. इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी एकोणतीस वर्षं मोटारीच्या परवान्यासाठी परीक्षा घेत होतो. बाजूच्या सीटवर मांडीवर फळी घेऊन बसायचं आणि चुका लिहायच्या. गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना मी कधी ना कधी नापास केलेलं आहे आणि त्यात माझा कुणावर राग नव्हता. मिस ओस्टना मी चार वेळा नापास केलं. चौथ्या वेळी त्या पांढऱ्या पट्टीच्या वीतभर पुढे थांबल्या होत्या, एवढंच. पण पट्टी म्हणजे पट्टी.

मे महिन्याच्या बैठकीत माझ्या अर्जाला उत्तरेकडून काढलेला फोटो जोडलेला नाही, असं आढळलं आणि अर्ज जूनवर गेला. मेअखेरीला विम्यातले रुग्णालयाचे दिवस संपले. घरी नेता येत नाही, म्हणून अर्डिसला टेकड्यांपलीकडच्या शुश्रूषागृहात हलवलं. तिथलं छतही पांढरंच होतं. मी रोज चाळीस मिनिटं गाडी चालवत जायचो, तिला बातम्या सांगायचो, आणि बातम्यांत दम नसला की गल्लीतली भांडणं सांगायचो. ती फार हसायची नाही आताशा. हसलं की दुखायचं.

जूनच्या बैठकीला जनतेचं मत मागवलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात वॉटरबरी भक्तमंडळाचं वार्षिक संमेलन. बसभर माणसं थेट सभागृहात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. कुणी पायऱ्यांना देशाचा ठेवा म्हणालं. एकाने चौथ्या पायरीचं प्लास्टरचं नमुनाशिल्प आणलं होतं. मी मनातल्या मनात प्रत्येकाला नापास करत बसलो होतो.

मग ट्वायला नावाची नेब्रास्काची एक स्थूल, साठीची बाई उठली. तिच्या हातात कागद होता, पण तिने तो वाचला नाही. लहानपणी संध्याकाळी बापाच्या गाडीचा आवाज आला, की ती आणि तिची भावंडं पलंगाखाली शिरायची, असं तिने सांगितलं. फक्त गुरुवारी अर्धा तास तिला दिसायचं, की बाप घरी येतो तेव्हा लोक हसतसुद्धा असतात. "त्या पायऱ्या खऱ्या आहेत एवढं मला लागतं," ती म्हणाली. "बाकी सगळं खोटं असलं तरी चालेल." आणि ती बसली.

मलाही वाईट वाटलं, हे मी कबूल करतो, आणि त्याचाच मला अधिक राग आला. माझी पाळी येताच मी उभा राहिलो. फोटो, मापं, नकाशा सगळं हातात होतं. ते राहिलं हातातच.

"मिसेस वॉटरबरी सात वर्षांत एकदाही आजारी पडली नाही," मी म्हणालो. "तिला ते जमलं. माझ्या बायकोला जमलेलं नाही. तिला घरी यायचंय. एवढंच आहे."

मिस ओस्ट बराच वेळ कागद चाळत होत्या. मग त्यांनी मान वर केली. आवाजात द्वेष नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मिस्टर स्टेंगल, नियम सगळ्यांना सारखा. हे मला तुम्हीच शिकवलंत. चारदा."

अर्ज जुलैवर गेला.

जुलैच्या बैठकीआधी चार दिवस माझं दार वाजलं. ट्वायला. ती नेब्रास्काला परत गेलीच नव्हती. गावाबाहेरच्या स्वस्त मोटेलमध्ये राहून तिने सगळे भाग पुन्हा पाहून काढले होते. पाचव्या वर्षीच्या एका भागात मिस्टर वॉटरबरी त्याच पायऱ्यांवर पाय मोडून घेतात आणि आठवडाभर दाराशी लाकडी उतार असतो, असं तिला सापडलं होतं. म्हणजे उतारही वारसाच झाला. मी तिला आत बोलावलं, फ्रीझरमधल्या शेवया गरम करून वाढल्या. तिने जिन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

समितीने तो भाग तीनदा पाहिला आणि एकमताने मंजुरी दिली: त्या भागात दिसतो तसाच, त्याच जागी, त्याच मापाचा उतार. मी सभागृहाबाहेर येऊन अर्डिसला फोन केला. डेलबर्टने एका दुपारात तो उभा केला, आणि खरं सांगतो, चित्रातल्यासारखा उभा केला.

कॉन्सुएलो तपासायला आली. ती उताराच्या पायथ्याशी उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं. तो उतार नऊ फुटांचा होता. त्या भागात मिस्टर वॉटरबरी चाकाच्या खुर्चीसकट त्याच्यावरून घसरत थेट दूधवाल्याच्या गाडीत जातात, आणि त्यासाठीच तो तसा बांधलेला होता.

"मिस्टर स्टेंगल," ती म्हणाली, "यावरून माणूस नेत नाहीत. सामान खाली सोडतात."

त्या संध्याकाळी शुश्रूषागृहातल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. मला महिने अपेक्षित होते, निदान एक ऋतू. त्यांनी आठवड्यांत सांगितलं. सहा, फार तर. आत गेलो तेव्हा अर्डिस जागी होती.

"मंगळवार कितवा म्हणालास?" तिने विचारलं.

"तिसरा."

"माझ्यासाठी त्यातला एखादा गुरुवार कर," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तर गुरुवारी सकाळी अकरा वाजता, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यात एकदाही लाल दिवा न ओलांडलेला मी डेलबर्टचा घण घेऊन माझ्या स्वत:च्या दारात उभा राहिलो. आधी तो लाकडी उतार बाजूला केला. पहिल्या घावाला माझा खांदा निखळता निखळता राहिला. कठड्याला काहीही झालं नाही. दुसऱ्या घावाला कुंडी गेली. कुंपणाबाहेर घराचे फोटो काढणारे भाविक होतेच, त्यांना हा भक्तमंडळाचाच कार्यक्रम वाटला आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या-सहाव्या घावाला वीट फुटली, तेव्हा मात्र टाळ्या थांबल्या. एक माणूस ओरडला. कुणीतरी नगरपालिकेला फोन लावला. मी तो लावणाऱ्याला नंबर सांगितला, कारण तो मला आता पाठ होता.

ट्वायला फुटपाथवर बसली होती. ती रडत होती, आवाज न करता. मी घण टेकला. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण दम लागला होता. तीच उठली, फाटक उघडून आत आली, बादली उचलली आणि विटांचे तुकडे भरायला लागली.

"कधी आणताय त्यांना?" तिने विचारलं.

"रविवारी," मी म्हणालो.

दुपारपर्यंत कठड्यांपाठोपाठ पायऱ्याही फुटल्या. मग एक विलक्षण गोष्ट झाली. ओरडणारा माणूस आत आला आणि एक तुकडा मिळेल का म्हणाला. मी न्या म्हटलं. मग रांग लागली. अर्ध्या तासात वॉटरबरींच्या पायऱ्या रुमालांत, पिशव्यांत, टोप्यांत बांधल्या जाऊन पाच-सहा राज्यांकडे रवाना झाल्या. राडारोडा उचलायला गाडी सांगितली होती, ती रिकामी परत गेली. चौथी पायरी मी ट्वायलासाठी बाजूला ठेवली होती. तिला ती उचलवेना, म्हणून डेलबर्टने मोटेलवर पोचती केली.

डेलबर्टला दोन दिवस लागले. तीस फूट, मध्ये एक वळण, दाराशी पाच फुटांचा सपाट ओटा. हिरवळ गेली, मूळ कुंपणाची एक बाजू गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो बांधलेल्या वस्तूवर स्वत: उड्या मारून बघत होता. कॉन्सुएलो शनिवारी, सुटीच्या दिवशी आली. तिने पट्टी लावली आणि इतर काहीही न विचारता सही केली.

रविवारी अर्डिस आली. मी खुर्ची ढकलत होतो, डेलबर्ट पुढे उलटा चालत होता. गल्ली दारात उभी होती आणि त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही. वळणावर मी दम घ्यायला थांबलो. अर्डिसने सगळीकडे नजर फिरवली: उखणलेली जमीन, कच्ची लाकडं, कुंपणाचं खिंडार.

"नॉर्बर्ट, हे भयंकर कुरूप दिसतंय," ती म्हणाली.

"हो."

"छान आहे. चल."

तिचा पलंग पुढच्या खोलीत लावला होता. छतावरच्या डागांपैकी एकाला ती पूर्वीपासून फ्लोरिडा म्हणायची. त्याच्याखाली तिला झोपवलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडलो.

मंगळवारी मिस ओस्ट आल्या. एकट्या, हातात लिफाफा. उंच टाचांचे बूट घालून त्या सगळा उतार चढून आल्या, वळणावर क्षणभर रेलिंगला हात लावून बघितला. मी दारातच त्यांना अडवणार होतो, पण अर्डिसने आतून कोण आहे विचारलं आणि त्यांना सरबत दे म्हणाली. सरबत घरात नव्हतं. मिस ओस्ट पलंगाशी उभ्या राहिल्या. अर्डिसने त्यांना गाडी कशी चालते विचारलं. चांगली चालते, त्या म्हणाल्या. अजून पट्टीच्या हातभर मागेच थांबते. अर्डिस हसली, दुखलं तरी हसली.

बाहेर ओट्यावर त्यांनी मला नोटीस दिली. पायऱ्या, कठडे, कुंपण, सगळं होतं तसं बांधून द्यायचं. न दिल्यास खटला. मुदत नव्वद दिवस.

"नियमात याहून जास्त देता येत नाही," त्या म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी शोधलं. पुरतील ना?"

मी त्यांच्या पेनाने तिथेच सही केली.

"पुरतील," मी म्हणालो. "उरतीलसुद्धा."

बावन्न दिवस उरले. पायऱ्या बांधायला मला आणि डेलबर्टला अकराच लागले.